तुमच्या दादांच्या अर्ध्या घराची किंमत

परभणी,
गुरुवार, दुपार

ती. विमलवन्सं यांना,

लांबूनच वाकून नमस्कार (जवळून वाकायला आता कंबर परवानगी देत नाही). तुमचा गुडघा कसा आहे? जिंतूरच्या त्या जिन्यावरून दिवसातून एकदाच उतरता ना? घरमालकीण पाणी वर आणून देते, की अजून नुसतंच कबूल करते? बीपीची गोळी राहिली तर राहू द्या, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका. माझी तब्येत उत्तम आहे. झोप लागते, भूक लागते. स्वयंपाक कमी झाला आणि वेळ जास्त झाला, एवढंच. मी एकटी पडले असेन अशी काळजी मुळीच करू नका. सकाळी धुरपताबाई भांड्यांना येते आणि संध्याकाळी बातम्या देणारा तो मुलगा टीव्हीवर येतो. दोघंही वेळेचे पक्के आहेत.

श्रीरामनं तुम्हाला सांगितलंच असेल, तरी सगळं पहिल्यापासून लिहिते. तुमच्या दादांनी मृत्युपत्रात घराचा आपला अर्धा हिस्सा मला दिला (दुसरा अर्धा पहिल्यापासून माझ्याच नावे आहे), पण विकायच्या आधी त्यावर कोर्टाचं प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा दाखला) घेतलेलं बरं, असं वकिलांचं म्हणणं. ते मिळालं की घर विकायचं आणि मी पुण्याला त्याच्या फ्लॅटमध्ये, बाराव्या मजल्यावर, राहायला जायचं, असं श्रीरामनं योजलं आहे. मला विचारलं नाही असं नाही. ‘आई, तुझी इच्छा असेल तरच’ म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी सूनबाईंनी माझ्या खोलीच्या पडद्यांचे फोटो पाठवले. पडदे फिकट निळे आहेत. संक्रांतीपर्यंत पक्कं उत्तर द्यायचं आहे, आणि मी जवळजवळ हो म्हटल्यासारखंच आहे.

तर कोर्टाला आधी घराची किंमत लागते. आपले वकील तात्याराव (तेच, जे तुमच्या दादांशी बुद्धिबळात हरायला लागले की कोर्टाची तारीख आठवून उठायचे) मला बजावून गेले, की किंमत जेवढी कमी निघेल तेवढा कोर्टाचा खर्च कमी. म्हणून किंमत काढायला माणूस येईल त्याला ओल दाखवा, तडे दाखवा, कौतुकाचा शब्द तोंडातून काढू नका. मी मान डोलावली. ते गेल्यावर धुरपताबाईला म्हटलं, उद्या लवकर ये, घर बघायला पाहुणे येणार आहेत.

आता आपल्याकडे कुणी ‘बघायला’ येणार म्हटलं की पुढचं सगळं आपोआप होतं. पितळी कड्या चिंचेनं घासल्या. बैठकीतल्या गाद्यांना ठेवणीतले अभ्रे घातले. जिन्याखाली ओल आहे तिथं नेमकं मोठं कॅलेंडर लावलं (तात्यारावांनी दाखवायला सांगितलेली ओल ती हीच). धुरपताबाई बघत होती. म्हणाली, ‘बाई, घरात पोरगी न्हाई, सोरगी न्हाई, कुनाला बघायला यायलेत?’ मी म्हटलं, घरालाच. ‘मंग त्येला बी साडी नेसवा की,’ म्हणाली, आणि न सांगता सडा घालून दारात ही एवढी रांगोळी काढून ठेवली.

किंमत काढणारे सूर्यभान लोंढे हे चाळिशीतले सभ्य गृहस्थ, झरीकडचे. भिंतीवर लाल ठिपका टाकून लांबी मोजणारं यंत्र हातात. मी सुशीला केली होती, मुरमुरे भिजवून, वर भरपूर कोथिंबीर. ‘नको ताई, कामावर हाव,’ म्हणाले आणि दोनदा घेतली. मग कागद काढून विचारलं, ‘सांगा, घराच्या काय काय तक्रारी हायत?’

आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टांनी शिकवलं होतं की पाहुण्यासमोर घरच्यांची तक्रार करू नये. घर घरच्यांत मोडतं का, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. मी तक्रार सांगायला तोंड उघडलं खरं, पण वन्सं, त्यातून तुमच्या दादांचं ‘घर दाखवणं’ बाहेर पडलं. तुम्हाला ते पाठ आहे. पाटबंधारे खात्यात जन्म गेलेला माणूस, घर बांधलं तेही धरणासारखं. ज्या गावात नळाला पाणी आलं की शेजारणी एकमेकींना हाका मारतात, तिथं ह्यांनी जोतं पुराच्या भीतीनं उचललं. आलेल्याला आधी घर दाखवायचं, मग पाणी द्यायचं, मग तो पाहुणा असो नाहीतर वीजबिलवाला. भर मे महिन्यात स्लॅबखाली उभं करून विचारायचं, ‘गरम होतंय का?’ घाम पुसत तो ‘नाही’ म्हणाला की पुढची खोली.

मीही लोंढ्यांना स्लॅबखाली उभं केलं आणि विचारलं. ते ‘न्हाई’ म्हणाले, बहुतेक माझ्या चेहऱ्याकडे बघून. मग खिडक्यांचं सागवान झालं, गच्चीचा उतार झाला, आणि आम्ही परसात सेप्टिक टँकपाशी आलो. तिथं तुमचे दादा झाकणावर टाच आपटून आवाज ऐकवायचे. मी टाच आपटली, आवाज तोच आला, आणि मी चष्मा काढून पदरानं पुसत उभी राहिले. लोंढे भला माणूस. असं झाकण जन्मात पाहिलं नसल्यासारखे त्या झाकणाकडेच बघत राहिले.

आत आल्यावर म्हणाले, किंमत फक्त साहेबांच्या अर्ध्याची लावायची. मी विचारलं, कुठल्या अर्ध्याची? (हसू नका. मनात मी केव्हाच वाटणी करून ठेवली होती. व्हरांडा त्यांचा, स्वयंपाकघर माझं. पण पहाटेचा चहा तेच करायचे, तेव्हा ओट्यापाशी माझं गाडं अडलं होतं.) लोंढे म्हणाले, ‘तसं नसतंय ताई. वाटणी झाल्याबिगर हिस्सा येगळा निघत न्हाई. हरेक विटेत अर्धे साहेब, अर्ध्या तुमी.’ आमच्या लग्नात भटजींनीसुद्धा इतकं नीट समजावून सांगितलं नव्हतं.

व्हायचं ते झालं. किंमत भरभक्कम निघाली. तात्याराव कागद बघून म्हणाले, ‘वहिनी, तुम्हाला घराची निंदा करायला सांगितली होती, तुम्ही त्याला बोहल्यावर चढवलंत.’ श्रीराम मात्र खूश. एवढी किंमत असेल तर आत्ताच विकू या, म्हणतो. म्हणजे घराची लाज राखायला गेले आणि माझ्याच हातानं त्याला गिऱ्हाईक आणलं.

पण माझी काही तक्रार नाही. बाराव्या मजल्यावर धूळ येत नाही, डास येत नाहीत (कुणीच येत नसणार). इथं तरी काय आहे? दिवेलागणीनंतर तुमचे दादा फाटकाला कुलूप घालायचे आणि मला आत ऐकू जावं म्हणून मोठ्यानं ‘लागलं’ म्हणायचे. आता कुलूप मी घालते आणि ‘लागलं’ही मीच म्हणते. न म्हणता आत आले तर लागलं असं वाटत नाही, परत जाऊन ओढून बघावं लागतं. फ्लॅटला फाटकच नसतं, तेव्हा तीही कटकट मिटेल.

असो. प्रकृतीला जपा आणि थंडीत कानाला बांधून बसा.

तुमची वहिनी,
कुमुदिनी

ता. क. पुण्याला जाण्याबद्दल वर जे लिहिलं आहे ते श्रीरामनं वाचलं तर बरं वाटावं म्हणून लिहिलं आहे. पत्र टाकायला देताना लक्षात आलं, की तो हे पत्र वाचणारच नाही.

ता. क. दुसरा. श्रीराम रविवारी तुम्हाला फोन करून ‘आत्या, तुमचं मत काय?’ विचारणार आहे. तो तुमचंच ऐकतो. त्याला एवढंच सांगा, की तुम्ही जिंतूरची खोली सोडून कायमच्या माझ्याकडे राहायला येणार आहात, म्हणून घर विकता येणार नाही. नुसतं तसं सांगायचं.

ता. क. तिसरा. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर तुम्हालाच सांगते आहे. सामान जास्त असलं तर आधी कळवा, स्टँडवर टेम्पो घेऊन येईन.