इकरा चालत घरी आली

१२ डिसेंबर २०२५, शुक्रवार

आलो बाबा एकदाचा! बलद भागातल्या हॉटेलात नऊ वर्षं हाजींच्या बॅगा उचलल्या, आता गळ्यात फक्त दुर्बीण. हुफूफ शहरापासून पिकअपने तासभर, मग डांबर संपतं आणि कफीलची, म्हणजे माझ्या अरब मालकाची, जमीन सुरू होते. सहा किलोमीटर लांब कुंपण, आत साठेक हरणं, आणि फाटकाजवळ माझ्यासाठी दोन खोल्यांचं घर. एसी चालतो, गॅस भरलेला आहे, डोक्यावर कुणी मॅनेजर नाही. बाणकोटला बापाबरोबर रानडुकरं मारली आहेत, असं कफीलला सांगितल्यावर नोकरी लागली. मारायचा बाप, मी नुसता हाकाऱ्यांबरोबर बोंबलायचो, पण एवढं खोलात कोण शिरतंय!

१५ डिसेंबर, सोमवार

कळपातला एक म्हातारा नर माजलाय. दुसऱ्यांच्या पोटात शिंगं खुपसतो. त्याला मारायचं. परवाना कफीलच्या नावावर, एकाच जनावराचा, २ जानेवारीपर्यंतचा. बंदूकही त्याचीच, नेम तेवढा माझा. आज दोनदा दिसला आणि दोनदा पळाला.

पाण्याचा टँकर आणणारे हुसेनमियाँ चहाला थांबले. म्हातारा भला आहे, पण घाबरट. म्हणाले, कुंपणाच्या आत गाडीनेच फिरायचं, एकट्याने पायी नाही, आणि दुसऱ्याला तर मुळीच एकटं सोडायचं नाही. इथले जुने लोक पाळतात म्हणे. का, ते त्यांनाही ठाऊक नाही. मी मान डोलावली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

हफीजा तिच्या पोरीला सोडून गेली. हफीजा माझी धाकटी बहीण, हुफूफच्या एका दवाखान्यात नर्स. नवरा गेल्यापासून तिचं सगळं जग म्हणजे ही इकरा. शाळेला सुट्टी आहे, पोरीला जनावरांची डॉक्टर व्हायचंय, हरणं पाहायची होती. जाताना हफीजा गाडीची काच खाली करून म्हणाली, भाई, एकच आहे, सांभाळ. मी म्हटलं, अगं, मामाकडे आलीय, जंगलात नाही.

इकरा सतरा वर्षांची. आपल्या बोलीत विचारावं तर इंग्रजीत उत्तर देते, फार रागावली की हिंदीत. एक मात्र आहे, हसते अगदी आमच्या आईसारखी.

२१ डिसेंबर, रविवार

पोरगी म्हणजे डोक्याला ताप. दोन तास पोटावर सरपटत नराच्या टप्प्यात आलो, आणि हिने मागून टाळ्या वाजवल्या. सगळा कळप धुळीत गडप. वर मलाच ऐकवते, मामू, तो म्हातारा आहे म्हणून मारायचं? मग उद्या तुम्हालाही मारतील.

२२ डिसेंबर, सोमवार

आज हिने ऐन वेळी हॉर्न वाजवला, नर पुन्हा पळाला. कफीलचा फोन आला, शिकारी म्हणून ठेवलाय की पाहुणा, विचारत होता. मी इकडे माफी मागतोय आणि शेजारी ही खिडकीतून हरणांचे व्हिडिओ काढतेय.

२३ डिसेंबर, मंगळवार

आज डोकं फिरलं. नर साठ पावलांवर उभा, पाठमोरा, वारा माझ्या बाजूने. असा मोका पुन्हा येत नाही. हिने बंदुकीच्या नळीलाच हात घातला. मी तिला पिकअपमधून उतरवलं. एवढा पुळका असेल तर राहा जा त्यांच्यातच, नाहीतर चालत घरी जा, असं ओरडलो आणि गाडी काढली. आरशात ती काळ्या खडकापाशी उभी दिसली, हातात फोन. तिथून घर दोन किलोमीटरही नाही, भर दुपार होती.

तासाभराने परत आलो तर बाई घरात हजर. माफी मागायचं मनात होतं, पण तीच निमूटपणे चहा घेऊन आली. फोन कुठेतरी पडला म्हणे. बरंच झालं.

२५ डिसेंबर, गुरुवार

रागावल्याचा गुण आला म्हणायचा! इकरा न बोलता गाडीत बसते. दुर्बीण न लावता नर कुठे आहे ते सांगते. वाळूत चालली तर पायाचा आवाज नाही. आज चक्क आपल्या बोलीत म्हणाली, मामू, मना पाणी दे. हफीजाने माझ्या फोनवर तिच्याशी अर्धा तास गप्पा मारल्या. तिला रडूच आलं. भाई, काय जादू केलीस, माझी पोर माझ्या भाषेत बोलली, म्हणाली. मी भाव खाऊन घेतला.

२७ डिसेंबर, शनिवार

नर गायब. त्याऐवजी एक कोवळी मादी सारखी आडवी येते. बाकी हरणं पळतात, ही पिकअपच्या मागे धावते. हॉर्न वाजवला तर जवळ येते. वैताग नुसता!

इकरा तिच्याकडे बघत नाही. रात्री बिछान्यावर आडवी होत नाही, पाय दुमडून बसूनच झोपते. विचारलं तर म्हणते, असंच बरं वाटतं.

२९ डिसेंबर, सोमवार

सकाळी दार उघडलं तर मादी पायरीवर. मला बघून थरथरत होती, पण हलेना. इकराने आतून दगड मारला. जनावरांची डॉक्टर होणाऱ्या पोरीने.

कफील म्हणाला, दोन दिवसांत शिकार झाली नाही तर खलास, सामान बांध.

३० डिसेंबर, मंगळवार

मारली. नर नाही, ती मादी. इकरा म्हणाली, एक हरीण ते एक हरीण, मामू, मार हिलाच. मी वैतागलो होतो. इतके दिवस हात हलवत परत यायचं, वर बोलणी खायची. मादी दहा पावलांवर येऊन उभी राहिली. गोळी खांद्यात लागली. बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली. तिने पाय झाडले नाहीत, शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत होती. मला जेवण गेलं नाही.

कफील फोनवर कडाडला, मादी मारून परवाना वाया घालवलास, आता मांस तूच खा. इकराने सगळं साफ करून फ्रिजमध्ये ठेवलं. हात सराईतासारखे चालत होते.

३१ डिसेंबर, बुधवार

हफीजा उद्या जेवायला येतेय, पोरीला न्यायला. इकरा मसाला वाटतेय. ती स्वतः मांस खाणार नाही. मना चालत नाही, म्हणते.

परवापरवापर्यंत चिकन शावरमा मागत होती.

तिचा फोन शोधायला हवा.

१ जानेवारी २०२६, गुरुवार. सकाळ

पिकअप फाटकाशी लावून काळ्या खडकापर्यंत चालत आलो. रात्रीच्या वाऱ्याने वाटेवर मऊ वाळू आलीय, गाडी रुतली असती. फोन सापडला. उचलायला वाकलो तर एका हरणाने मागून येऊन माझा हात हुंगला. खिशातल्या पॉवरबँकवर सुरू झाला. शेवटचा व्हिडिओ तेवीस तारखेचा.

इकरा एका हरणापुढे हात धरते. हसते. फोन पडतो. मग नुसतं आकाश. मग इकराच्या चपला घातलेले दोन पाय घराच्या दिशेने जातात. आणि एक हरीण वाकून फोनपाशी येतं. पुढचा खूर स्क्रीनवर टेकवतं. पुन्हा टेकवतं. पुन्हा—

या अल्ला. मी सुरी फिरवली. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी—

दुपार

पळत आलो. कधी इतका पळालो नाही. धापही लागली नाही. पिकअप दाराशी उभी आहे. मी नाही आणली. हफीजाची गाडी—

स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतंय. हफीजा हात धुतेय. इकराच्या रूपातली ती— ती वाढतेय. आणि हफीजाशेजारी माझा शर्ट घालून मी बसलोय. हसतोय.

हाक मारली. शब्द नाही. नुसती फुंकर निघते नाकातून. पुन्हा मारली—

हफीजाने वळून पाहिलं. म्हणाली, भाई, बघ ना, खिडकीशी हरीण आलंय किती गोड.

तो बंदूक घ्यायला उठला.

पेन बोटांत राहत नाही, बोटं चिकटत— पान फाडून गजातून टाकतो—

हफीजा जेवू नकोस. ते ताट बाजूला सार. त्यात आपली इक