टिकटिकी

हावडा, ४ मार्च २०२४

ती. हेमांगीताईस, जितेशचा साष्टांग नमस्कार.

फोन साहेबाने जमा करून घेतलाय, म्हणून पत्र. अक्षराला हसू नको. चौथं काम धरलं, यावेळी डिटेक्टिव्हच्या ऑफिसात. लोकांच्या मागे फिरायचं, कुठे जातात ते सांगायचं. इथे आम्हाला टिकटिकी म्हणतात. टिकटिकी म्हणजे पाल. चहावाला म्हातारा सांगतो, जुन्या लोकांना डिटेक्टिव्ह म्हणता येईना, त्याचं टिकटिकी झालं. खानावळवाली म्हणते, छे, भिंतीला चिकटून सगळ्यांचं ऐकतात म्हणून. खरं कोणाचं, देव जाणे.

एका पोरीने पळून लग्न केलंय. तिची खोली मी शोधली. पोटुशी आहे. बाप ऑफिसात येऊन रडला, पिशवीतली नवी साडी दाखवली. मला आपले बाबाच आठवले. तू धनेश भावोजींबरोबर पळालीस तेव्हा साडी-नारळ घेऊन गोखिवऱ्याला आले होते ना? पुढच्या सोमवारी पत्ता देतो. एकदा तरी हातून बरं काम होतंय.

रागाव हवं तर, पण विसरू नको.
तुझा जितू

गोखिवरे, ९ मार्च

चि. जितूस अनेक आशीर्वाद.

पाल झालास तर! हे म्हणाले, लपायला शिकवावं लागलं नसेल, शाळा बुडवून तेच करायचा.

पण पुढचं वाचलं आणि हसू गेलं. अरे, बाबांनी आधी हंसाकाकीकडून निरोप धाडला, येऊ का म्हणून. मी दोनदा नको म्हटलं. ये म्हटलं तेव्हा आले, एकटे. तू लहान होतास, तुला साडीच आठवते. ज्याला लेकीला न विचारता तिचा पत्ता हवा, त्याला देऊ नको. आधी तिला विचार. नोकरी गेली तर जाऊ दे, चांदीपला आपलं घर आहे. फोन लावतेय, बंदच.

जपून राहा, माया आहेच.
तुझी ताई

हावडा, १५ मार्च

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र काल आलं. पत्ता मी सोमवारी दिला. मंगळवारी बाप चौघांना घेऊन गेला. नवऱ्याला इतकं मारलं की अजून शुद्धीवर नाही. तिला गाडीत घालून नेलं. कुठे, कोणालाच ठाऊक नाही. साहेब म्हणतो, आपलं काम पत्त्यापुरतं.

त्यांच्या गल्लीतलं कोणी पोलिसांकडे जायला तयार नाही. मी चौकीत आलोय, इथूनच लिहितोय. बापाचं नाव, गाव, गाडीचा नंबर, सगळं सांगितलं. शिपायाने विचारलं, तुला कसं माहीत. मी म्हटलं, पत्ता मीच दिला. त्याने बाकावर बसवलंय. मला घरी सोडतील असं वाटत नाही. आईला सांभाळून सांग.

पोलिसांची गाडी अजून दारातच उभी आहे. ती तिला शोधायला निघेपर्यंत मी इथून उठणार नाही.

उरली असेल तर माया ठेव.
जितेश