तुमच्या उपवासाची खिचडी

बाबा, आज माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. तुमचीच साखर माझ्याही वाट्याला आली आहे. डॉक्टरीणबाई समजावत होत्या, मैदा, पांढरा भात, बटाटा, साबुदाणा कमी करा, ज्वारी, डाळी, कडधान्यं वाढवा. मी शहाण्यासारखी मान हलवत होते आणि मनातल्या मनात तुमच्यावर चिडत होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण राग काही जात नाही.

साखर निघाली तेव्हा तुम्ही घाबरलात, पण ताट बदललं नाहीत. उपवास वाढवलेत. सोमवार होताच, त्यात गुरुवार आणि शनिवार आले. चतुर्थी, एकादशी वेगळ्याच. डॉक्टरांना तुम्ही किती रुबाबात सांगितलंत, "हफ्ते में तीन दिन व्रत रखता हूँ, डॉक्टर साहब." तेही खूश झाले, "अरे, बहुत अच्छा!" त्या तीन दिवसांत पोटात काय जातं, ते त्यांनी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. बटाटा घातलेली, तुपानं चकचकणारी वाडगाभर साबुदाण्याची खिचडी, संध्याकाळी रताळ्याचा गोड कीस. एवढं चापून तुम्ही स्वतःला उपाशी समजायचात, आणि आम्हीही हळू आवाजात बोलायचं, कारण बाबांचा उपवास आहे.

आई गेल्यावर स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. दिल्लीत द्वारकेच्या आपल्या सोसायटीत शेजारच्या आंटींनी मला कुट्टूच्या, म्हणजे बकव्हीटच्या, पिठाची रोटी शिकवली. म्हणाल्या, "व्रत में भी चलता है बेटा, और शुगर वालों के लिए भी ठीक है." एका गुरुवारी मी ती केली, दह्याबरोबर वाढली. तुम्ही ताट असं सरकवलंत की दही टेबलावर सांडलं. "हे इथल्या लोकांचं. आपल्यात उपवासाला चालत नाही. तुझ्या आईनं असलं काही कधी पुढ्यात ठेवलं नव्हतं." उभी हयात दिल्लीच्या सरकारी नोकरीत काढलीत, तरी आंटी तुमच्यासाठी इथल्या लोकांपैकीच राहिल्या. मी दही पुसलं आणि बटाटे उकडायला लावले.

मग पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. अंगठा गेला, मग पाऊल. हॉस्पिटलच्या खाटेवर पडून तुम्ही मला विचारता, "देवाचं एवढं करून माझ्याच नशिबी हे का गं?" मला ओरडावंसं वाटतं की देवानं साबुदाणा मागितला नव्हता. मी तुमची चादर नीट करते.

हे पत्र कुठे पोचणार नाही, म्हणून आता खरं ते लिहिते. जखमेच्या बरंच आधी, हॉस्पिटलात तुम्ही तपासणीला आत गेला होतात तेव्हा, तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्या हातात एक कागद दिला होता. साबुदाण्यावर त्यांनी लाल पेनानं फुली मारली होती. तो कागद मी पर्समध्ये घातला आणि तुम्हाला कधीच दाखवला नाही. घरात भांडण नको, असं मी स्वतःला सांगितलं, ते खोटं होतं. एरवी माझ्या हातच्या कशालाच तुम्ही बरं म्हटलं नाहीत. खिचडीचा पहिला घास घेतला की मात्र म्हणायचात, "अगदी तुझ्या आईसारखी झालीय." तेवढं ऐकायला मी आठवड्यातून तीनदा ती करत राहिले, बाबा.