शेवंताच्या माहेरच्या विटा

९ जानेवारी
आमच्या लेकीचं, मनीचं पुण्याहून पार्सल आलं. आईला बसल्या जागी विरंगुळा म्हणून. डब्यात भाजलेल्या मातीच्या बारक्या विटा, नखाएवढ्या, पण हुबेहूब. कौलं, खिडक्या, डिंकाची पुडी. डब्यावर कुठल्या गोऱ्या राजाचा किल्ला छापलेला. शेवंतानं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. म्हणाली, "ह्या राजाची अन् आपली काय सोयरीक? आवं, आपण माझं माहेर बांधू. बाचं घर."

व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणणार. तिच्या बाचं घर दसऱ्याच्या आधीच पाडलंय. साखऱ्याजवळच्या तांड्यावर तिथं आता तिच्या भावाचा, किसनचा स्लॅब उभा हाय. तिला माहीत न्हाई.

११ जाने.
लिहून टाकतो. डोक्यात नुसतं घुमून राहिलंय.

पोळ्याला शे. मोरीत घसरली, उजवा खुबा मोडला. नांदेडला ऑपरेशन. ती आत, मी बाहेर बाकड्यावर, तेवढ्यात किसनचा फोन. तिचा धाकटा भाऊ. "दाजी, घराची भिंत फुगली. सुनंला दिवस गेलेत, पाडून स्लॅब टाकावा म्हणतो. पण बा मरताना बोलला होता, बाईला इचारल्याबिगर एका विटंला हात लावू नको. तुमी इचारता का?" मी म्हणालो, इचारतो. दोन दिवसांनी त्याचा परत फोन. म्हणालो, "पाड. ती व्हय म्हणली."

विचारलंच नव्हतं. ती गुंगीत होती. किसनला अजून वाटतं बहिणीनं होकार दिला. तवा वाटलं, घरी आली की सांगू. मग वाटलं, टाके निघाले की सांगू. मग वाटायचं बंद झालं.

१५ जाने.
काल तिळगूळ, आज पायाभरणी. दुकानात फोटोच्या फ्रेमी करून हात बारीक कामाला सरावलेला, चिमटाबी हाय. डिंक पाण्यात कालवला. शे. खाटंवर बसून मुकादमी करून राहिली. "तिरपी बसली वीट. बा असता तर कान उपटला असता तुमचा."

विटा म्हणजे तिच्या बाचा जीव. तो भट्टीवर विटा पाडायचा, आपल्या घराच्या विटा त्यानं स्वतः पाडल्या. ओल्या विटा वाळत घातलेल्या असताना शे. नुकती चालायला लागलेली, त्यावरून धावली. एका विटेवर उजवं पाऊल उमटलं. मुकादम म्हणाला फेकून दे. बानं भाजून घेतली अन् चुलीजवळच्या भिंतीत तळाला, पाऊल दिसंल अशी बसवली. ही गोष्ट मी लग्नापासून ऐकतोय. आज ऐकताना खाली मान घालून डिंकच ढवळत बसलो.

२१ जाने.
चुलीची भिंत चुकली म्हणे. खिडकी दाराच्या डाव्या अंगाला पाहिजे होती. "पाण्यात घाला," म्हणाली. डब्यावरच्या चित्रांत तसंच दाखवलंय, हा डिंक पाण्यात विरघळतो, विटा परत वापरता येतात. घमेल्यात पाणी घेतलं, भिंत आत ठेवली. थोड्या वेळानं विटा आपोआप सुटून तळाला बसल्या. शे. खुशीत, "बघा, काहीच वाया न्हाई गेलं!"

मला घमेल्यात बघवंना. गिऱ्हाईक आलं म्हणून दुकानात जाऊन बसलो. गिऱ्हाईक नव्हतं.

२७ जाने.
डॉक्टर म्हणतात चालवा. ती म्हणते दुखतंय. मग मी काय करतो? "चल, दारापर्यंत. साखऱ्याला जायचंय ना? बाच्या उंबऱ्यात वॉकर घेऊन उभी राहणार का?" की उठते बिचारी. दात खाऊन उठते. मी त्या न्हाई झालेल्या उंबऱ्याचं आमिष दाखवून बायकोला चालवून राहिलो. अन् ती चालून राहिली. उत्तमराव, तुमच्याइतका नालायक माणूस अख्ख्या वारंगा फाट्यावर सापडायचा न्हाई.

३ फेब्रु.
किसनला नातू झालाय ना, होळीला त्याची धुंड. तांड्यावर पोराची पहिली होळी म्हणजे लगीनच, आत्याआजी पाहिजेच. फोन शे.नंच उचलला.
"घर बरं हाय ना रे माझं?"
किसन मोठ्यानं बोलतो, मला ऐकू आलं. "एकदम मजबूत, बाई! तू ये तर खरं, बघून खूश होशील."
फोन ठेवून ती डोळे पुसून राहिली. म्हणाली, किती जपतो हो किसन.

किसनची काय चूक. त्याच्या मनात पाप न्हाई. सगळं पाप ह्या घरात हाय.

८ फेब्रु.
तिला ऐकू जाऊ नये म्हणून फाट्यावर जाऊन किसनला फोन केला. विचारलं, ती पावलाची वीट ठेवलीस का रे? म्हणाला, "दाजी, मी बाजूला काढली होती. गड्यानं भरावात टाकली. घराच्या पायात गेली असंल. बाईला राग आला का?" न्हाई म्हणालो. अजून एक खोटं.

१४ फेब्रु.
आज सांगणारच होतो. देवाशप्पथ. सकाळी तोंड धुऊन, तयारी करून खाटंजवळ गेलो. "शेवंता, ऐक—" तर ती खाटंवर न्हाईच. वॉकर कोपऱ्यात. बाहेर बघतो तर बाईसाहेब काठी घेऊन सडकंपर्यंत पोचल्या, तिथून मला हात करून राहिल्या. शेजारचा पंक्चरवाला सलीमभाई टाळ्या वाजवून राहिलेला. "भाभी तो दौड रई!"

कोण सांगंल अशा वेळी? कोणीतरी सांगितलं असतं. मी चहा ठेवला.

१९ फेब्रु.
सलीमभाईला सगळं सांगितलं. मन हलकं व्हईल वाटलं, त्यानं उलट झापलं. "बोल डालो उत्तमभाई. होली को जीप से उतर के वो घर नै देखेगी, तुमारा मूं देखेगी." मग मराठीत, म्हणजे मला नीट कळावं म्हणून, "घर किसननं पाडलं. इचारलं न्हाई ते तुमी. तिला घराचं दुःख होऊ द्या की, तो तिचा हक हाय. तुमी कोण अडवणारे?"

तकलीफ झाली ऐकून. बराबरच बोलला.

२६ फेब्रु.
घर पुरं झालं. दार फ्रेमीच्या पट्टीचं, मीच कापलं. मन लावून काम केलं, खोटं काहून बोलू. जितकं मन लावलं तितकं जास्त वाईट वाटून राहिलं, तरी हात थांबले न्हाईत. चुलीजवळच्या भिंतीत एक जागा मोकळी हाय. म्हणालो, कानशीनं एका विटेवर बारकं पाऊल कोरतो. तर म्हणाली, "नको. ती वीट तिथं हाय ना. दोन कशाला?"

आज जेवण गेलं न्हाई. तिनं विचारलं पोट बिघडलं का. व्हय म्हणालो. लगेच ओवा दिला.

१ मार्च, रविवार
धुंडीसाठी साखऱ्याला निघालो, सलीमभाईच्या भावाची जीप. शे. पुढच्या सीटवर, मांडीवर माहेर, ओढणीनं बांधलेलं. किसनला दाखवणार म्हणे, दाजीनं कुठं कुठं चूक केली ते. हिंगोलीपर्यंत बोलत होती. मी मागं बसून तिच्या डोक्याकडं बघत आलो. प्रत्येक थांब्याला म्हणालो, आता. प्रत्येक थांबा गेला.

आता सेनगाव. डायव्हर चहाला उतरलाय. मी हाटेलच्या बाकड्यावर हे लिहून राहिलो, म्हणजे परत टाळूनच राहिलो. साखरा इथून काही लांब न्हाई.

मघाशी पाणी द्यायला गेलो तर तिनं उजव्या पायातली चप्पल काढून ठेवलेली. म्हणालो, काहून, सुजला का पाय? हसली. "न्हाई हो. उतरल्या उतरल्या आधी त्या विटंवर पाय लावून बघणार. हाच पाय तो. मोडला अन् जोडला, तरी तिथं चालतच जाणार." मग गाठ सोडून त्या मोकळ्या जागेत बोट घातलं अन् मला म्हणाली, "तुमी चालवलं म्हणून. न्हाईतर मी खाटंवरच मेली असते."

ग्लास हातात घेऊन तसाच इथं येऊन बसलो.

डायव्हर उठला. ती खिडकीतून हात करून राहिली. तिच्या शेजारी एकाची जागा हाय, मागं न बसता तिथं बसतो.