उन्हात निवळणारं पाणी

३ मार्च
आज हडपसरला रुजू झाले. अकोला सोडल्यापासूनची पहिली मनासारखी नोकरी. कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं जांभळंशार सांडपाणी आमच्या उघड्या, उथळ हौदांत येतं. त्यात टायटॅनियमची पांढरी भुकटी कालवायची आणि ऊन पडू द्यायचं. उजेड लागला की भुकटी कामाला लागते, रंगाचा कण न् कण तोडते. संध्याकाळी पाणी नितळ. हौद सांभाळणारे वैजनाथकाका म्हणाले, पुण्यात भर दुपारी काम करणारी ही भुकटी एकटीच. खूप हसले.

११ मार्च
नवी भुकटी आली, जास्त तेज. पोतं फोडताना माझ्या आणि काकांच्या अंगावर उडाली. कितीही धुतलं तरी हातांवरची चकाकी जात नाही. बसमध्ये उभ्या उभ्या डोळा लागला. ऊन बाधलं असेल.

१७ मार्च
हौदात कबूतर पडलं. काका जाळी घेऊन येईपर्यंत पाण्यात पीसही उरलं नव्हतं. आमच्या प्रमुख शैला मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, पाण्याचा अहवाल उत्तम आहे. कबुतराची तक्रार असेल तर कबुतराने करावी.

२० मार्च
बोटांचे ठसे पुसले गेलेत. हजेरीचं यंत्र मला ओळखत नाही. काकांच्या भुवया गेल्या. आम्ही सावलीतच डबा खातो. उन्हात गेलं की अंगातून काहीतरी कमी होतं, असं ते म्हणाले. मलाही तसंच वाटतं. दुखत नाही, नुसतं दमायला होतं. रजा मागितली. मॅडम म्हणाल्या, आजार जरा दिसेल असा आणा.

२४ मार्च
दुपारी काका झडप उघडायला उन्हात गेले. मी शेडमधून बघत होते. चालता चालता ते फिकट झाले. त्यांच्यातून पलीकडची भिंत दिसली. मग नुसते कपडे खाली पडले. ओरडलेही नाहीत. दमल्यासारखे खांदे पाडले, एवढंच. मॅडम म्हणतात, न सांगता काम सोडून गेला.

२५ मार्च
खोलीवरच. खिडकीला चादर ठोकली. दाराखालच्या फटीजवळ लिहितेय. हात उजेडात धरला की हाडं दिसतात— आईचा फोन. आवाज इतका बारीक का झालाय, विचारत होती. निघते म्हणाली. नको म्हटलं.

२७ मार्च
उठवत नाही. मोबाइलचा उजेडही आता—

२८ मार्च
आई आली. घरमालकांकडून किल्ली घेऊन. म्हणते, दिवसाढवळ्या अंधारात काहून पडली दीपू. नको म्हणतेय मी, तिला ऐकूच येत— खिडकीकडे चाललीय— आई, चादर नको ओढू, आई, चा—