बास ऐकू येतोय का?

३ मार्च

दादा आज सगळ्यांसमोर बोलला. "छोटे, तुझा बास ऐकूच येत नाही. मागे नुसतं काहीतरी गुरगुरतं."

सगळ्यांसमोर म्हणजे तशी दोनच माणसं. ड्रमवर ठोक्या आणि कीबोर्डवर चश्मिष. पण आमचा बँडच चौघांचा! दादा गातो, गिटार वाजवतो आणि हुकूम सोडतो. मी बास वाजवते, म्हणजे खालच्या जाड सुरांची गिटार. सख्ख्या भावाला बोलायचंच होतं तर घरी बोलायचं, जेवताना. तिथे तोंडातून अक्षर फुटत नाही.

मग चश्मिषनं लॅपटॉप उघडला. माझे सगळ्या गाण्यांतले बास त्यानं त्यात, कॉम्प्युटरच्या आवाजात, भरून ठेवलेत. कधी भरले, कोणी सांगितलं, मी विचारलं नाही. त्यानं बटण दाबलं, तिघांनी एक अख्खं गाणं वाजवलं, आणि मी गिटार गळ्यात अडकवून खांबासारखी उभी. स्वच्छ, भरदार, एकसारखा बास. कुठे अडखळणं नाही, काही नाही. ठोक्या माझ्याकडे बघत नव्हता.

"हॉलमधला कार्यक्रम होऊ दे. मग ठरवू," दादा म्हणाला. त्यानंतर लगेच दौरा आहे. दौऱ्याला तिघं पुरतील असं काही तो बोलला नाही. गाडीत सामान कसं बसवायचं तेवढंच बोलला.

४ मार्च

दिवसभर धुमसत होते. दाताच्या दवाखान्यात वेळा देण्याचं माझं काम, तिथे एका पेशंटला भलत्याच वेळेला बोलावून ठेवलं. दाताची कळ घेऊन तो बिचारा बाकावर बसून राहिला. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं. मी माफी मागितली.

७ मार्च

प्रीअँप पेडल घेतलं. बाजूला टाकलेले पैसे होते ते गेले. जाऊ देत.

विटेएवढा लोखंडी डबा आहे. गिटारची वायर याच्यात, याच्यातून पुढे अँपला, म्हणजे स्पीकरच्या खोक्याला. आवाज अँपपर्यंत पोचायच्या आधी हा त्याला आंघोळ घालून, भांग पाडून पाठवणार. खालच्या आवाजाला एक नॉब, वरच्याला एक, मधल्याला एक — त्याला मिड म्हणतात — आणि थोडी खरखर हवी असेल तर आणखी एक. दादाला सांगितलेलं नाही. आधी जमू दे.

८ मार्च

जमलं!! खोलीचं दार लावून बसले होते. मिड पूर्ण खाली, खालचा आणि वरचा चांगला वाढवलेला. काय आवाज! खाली मऊ, वर लखलखीत. इतकी वर्षं मी काय वाजवत होते असं वाटलं.

आई दारात येऊन उभी राहिली. "आज गोड लागतंय गं. रोज असंच का नाही वाजवत?"

नॉब हलू नयेत म्हणून जागेवर नेलपेंटचे ठिपके दिले. लाल. आता बघतेच.

१० मार्च

पार फजिती.

पेडल बघून चश्मिषनं भुवई उडवली, तिकडे मी कानाडोळा केला. पहिलं गाणं झालं. दादा वळला आणि म्हणाला, "आता तर अजिबातच नाही येत." चिडून नाही. समजावल्यासारखं. चिडला असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन तेच नॉब, तेच ठिपके — आवाज पुन्हा सुरेख! चौघांत गेलं की गायब. मला वेड लागायची पाळी आली आहे.

११ मार्च

जेवताना दादानं विचारलं, "केवढ्याला पडलं ते?" मी पाणी आणायला उठले.

१३ मार्च

दवाखान्यातून परस्पर प्रॅक्टिसला गेले. ठोक्या एकटाच आलेला. म्हटलं, तू वाजव, मी वाजवते, दादा यायच्या आत. पंधरा वेळा तरी तेच. तो वाजवायला लागला की मी नाहीच. शेवटी इतकी वैतागले की मिडचा नॉब खसकन उलटा फिरवला. पार वर. मेलं एकदाचं!

आवाज घाणेरडा झाला. सर्दी झालेला माणूस नाकातून बोलतो तसा. आणि ठोक्यानं काठ्या थांबवल्या.

"हे काय केलंस?"

"वाट लावली."

"आत्ता ऐकू आलीस. पहिल्यांदा."

मग डोक्यात प्रकाश पडला. खालचा आवाज त्याचा मोठा ड्रम खाऊन टाकतो. वरचा दादाची गिटार आणि झांजा खातात. माझ्यासाठी जागा उरते ती मधेच. आणि तोच मधला आवाज एकटीच्या खोलीत कानाला बरा लागत नाही म्हणून मीच बंद करून बसले होते. गोड लागतंय म्हणे! एकटीनं आवाज लावायचाच नसतो, एवढं साधं मला कळू नये?

नेलपेंट नखानं खरवडून काढलं. नवे ठिपके दिले. मिड वर, खालचा निम्म्यावर, खरखर चिमूटभर. ठोक्याला म्हटलं, कोणाला बोलू नकोस. तो म्हणाला, "मी कशाला बोलतोय."

१५ मार्च

सगळ्यांबरोबर वाजवलं. दुसऱ्या गाण्यात दादानं गाता गाता मान वळवून माझ्याकडे पाहिलं. नंतर काही बोलला नाही, पण ऐकू येत नाही असंही म्हणाला नाही.

आणि मग चश्मिष — "इथे छोट्या खोलीत ठीक आहे. हॉलमध्ये काय होईल सांगता येत नाही."

दादा विचारात पडला. म्हणाला, "लॅपटॉपचा बासही जोडून ठेवू. आधाराला. बंदच राहील." तसा लॅपटॉप चालू असतोच, चश्मिषची व्हायोलिनं त्यातूनच येतात, ठोक्याच्या कानात ठेकाही त्यातूनच जातो. मी बरं म्हटलं. नाही म्हणायला माझ्याकडे तोंड कुठे होतं?

१७ मार्च

आई दादाला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगत होती, "तिला सोडून जाऊ नकोस रे. तिचं दुसरं आहे काय?" मी बाहेर चप्पल काढत होते. दादा म्हणाला, "आई, तू यात पडू नकोस."

आईचा भयंकर राग आला. माझ्यासाठी रदबदली कोणी करू नका! घ्यायचं तर माझ्या वाजवण्यावर घ्या, नाहीतर नका घेऊ.

२० मार्च

आज कार्यक्रम. डॉक्टरीणबाईंनी अर्धा दिवस सोडलं.

२१ मार्च

सगळं लिहून काढते, नाहीतर छाती फुटेल.

हॉल मोठा. आमच्या खोलीसारख्या दहा खोल्या मावतील. साउंडवाला पार मागे, मिक्सर घेऊन बसलेला. माझ्या पेडलमधून एक वायर माझ्या अँपला आणि दुसरी त्याच्याकडे. अँप म्हणजे फक्त स्टेजवर मला ऐकू यायला. लोकांना तो मिक्सरमधून जे पाठवेल तेच ऐकू जाणार. सुरू व्हायच्या आधी दादा त्याच्याशी बराच वेळ वाकून बोलत होता. मला वाटलं, माइकचं काही असेल.

पहिल्या गाण्याला बोटांवरची नजर काढली नाही. तिसऱ्यापर्यंत भीती विसरले. अँप मागे धडधडत होता, बोटं आपोआप जात होती, आणि लोक डोलत होते. माझ्या तालावर!

एकच घोळ झाला. शेवटचं सगळ्यात जोरदार गाणं, त्याचं शेवटचं ध्रुवपद — लोकांकडे बघण्याच्या नादात हात गिटारच्या दांड्यावर एक पडदा खाली सरकला आणि अख्खी ओळ तशीच बेसूर वाजवली. कळेपर्यंत ओळ संपलीसुद्धा. पण कोणी वळून पाहिलं नाही. नंतरही कोणी बोललं नाही. दादासुद्धा नाही! आपल्या माणसांनी सांभाळून घेतलं म्हणायचं.

खाली उतरल्यावर एक अनोळखी मुलगा आला. तोही बास वाजवतो म्हणे. "एवढा स्वच्छ बास या हॉलमध्ये मी कधी ऐकला नव्हता. पेडल बघू का?" त्यानं वाकून नॉबचे फोटो काढले. माझ्या ठिपक्यांसकट! आई म्हणाली, छातीत जाणवत होतं गं. आणि दादानं खांद्यावर हात टाकला. "छोटे, चल दौऱ्याला."

बाथरूममध्ये जाऊन रडले. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

२४ मार्च

हॉलवाल्यांनी रेकॉर्डिंग पाठवलं. थेट मिक्सरमधलं, लोकांनी ऐकलं तेच. दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत कानाला लावलं आणि आधी शेवटच्या गाण्यावर गेले — माझी चूक कितपत कळते ते बघायला.

चूक नाहीच. ती ओळ सुरात आहे. पाच वेळा ऐकली. मी चुकले होते, आणि हा बास चुकत नाही. ही मी नाही. लॅपटॉप आहे.

ठोक्याला फोन लावला. तो म्हणाला, "पहिल्या गाण्यापासून तोच होता गं. दादा म्हणाला, छोटीला कळू देऊ नका, वाईट वाटेल."

आत्ता दादाचा मेसेज आलाय. "बॅग भरायला घे. पेडल विसरू नकोस."