वाघिणीच्या पोटातलं

३ जाने., अमरावती
राष्ट्रीय संग्रहालयाचा होकार आला. आमच्या प्राणिशास्त्र विभागाच्या म्युझियममधली पेंढा भरलेली वाघीण दिल्लीला जाणार. इथे वाळवी, गळकं छत. तिथे जपतील, अभ्यास होईल. प्राचार्य खूश. मीही.

६ जाने.
सेमाडोहहून एक कोरकू म्हातारी आली, सुगंतीबाई. वाघीण जाणार हे तिच्या कानावर गेलेलं. काचेला हात लावून बसली. तिच्या नवऱ्याला हिनेच नेलं, मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधी. पुढे वाघीण मेलेली सापडली, वनखात्यानं कॉलेजला दिली. एवढं मी वर्गात सांगते. नवऱ्याचं नाव आज कळलं. सोमा.
"मानूस गवसलाच नाही मले. पुरू काय? मुंडा कोनाचा उभा करू?"
मुंडा, मेलेल्याच्या नावाचं कोरीव लाकूड. त्याशिवाय जीव पितरांत जात नाही म्हणे.
"तो हिच्या पोटात हाये. हिले दे, मी पुरतो."
कायद्यानं वाघीण सरकारची. सांगितलं. बराच वेळ उठली नाही.

९ जाने.
झोप नाही धड. दुपारी म्युझियममध्ये गेले, तिच्या पोटाकडेच बघत राहिले. टाके दिसतात. पूर्वी कधी पाहिले नव्हते.

१४ जाने.
दिल्लीचे दुरुस्तीवाले आले. पोट उसवलं, जुना पेंढा, सुतळी, काथ्या काढला. म्हणाले, "कीड लागू नये म्हणून सोमल घातलाय. विष आहे. खोल पुरून टाका."
सुगंतीबाईला फोन केला.

१५ जाने.
पेंढ्याचं पोतं शिवून तिला दिलं.
"तिच्या पोटातलंच ना हे?"
"पोटातलंच."
खोटं नाही. पण खरं पोट कातडं सोलतानाच रिकामं केलं असणार, पेंढा नंतरचा. ते नाही सांगितलं. उघडू नका, विष आहे, हे दोनदा बजावलं. एस.टी.त बसवून दिलं. कंडक्टर म्हणाला, पोतं वर ठेवा. तिनं मांडीवरच धरलं.

१७ जाने.
वाघीण गेली. पोरं अजून रिकाम्या चौथऱ्याला वळसा घालून जातात. मीही.

२१ जाने.
सुगंतीबाईचा फोन. पुरलं.
"पह्यले उघडलं मी, मॅडम. हात धुतले मंग. बटन निघालं."
पेंढा भरणाऱ्याचं असेल, सदऱ्याचं तुटून पडलेलं.
"त्याच्या बंडीले असेच होते. ते नाही पुरलं. तू शिकलेली, पाहून सांग, त्याचंच हाये का."
रविवारी बोलावलंय. हो म्हटलं. सेमाडोहची गाडी किती वाजता सुटते, विचारायला हवं.